वाचनाची पाळी

आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत त्याला सगळे ‘व्हर्नियर’ म्हणायचे. बारीक माप घ्यायचं ते हत्यार कायम त्याच्या वरच्या खिशात. चहाच्या कपाचीसुद्धा जाडी मोजेल, असला किडा! त्याची टर उडवण्यात मीच सगळ्यात पुढे.

एका दवाखान्याच्या लिफ्टच्या टपावर चढून त्याने तार मोजली, तेव्हा बॅटरी धरून मी शेजारीच होतो. “दादा, तार झिजलीय. लिफ्ट आजच बंद करायची,” म्हणाला आणि रजिस्टरमध्ये तसं लिहिलंही. आमच्या मालकाने ते पानच फाडलं. आठवड्यात तार तुटली आणि एका नर्सचा पाय मोडला. मालक मला म्हणाला, “लिहून दे, तो तपासणीला वर चढलाच नव्हता. नाहीतर तूही घरी बस.” दिलं लिहून. सही अगदी झोकात ठोकली, तेही सांगून टाकतो. त्याची नोकरी गेली. लायसन्स रद्द करायचं की नाही, याची सुनावणी सोमवारी होती.

आणि आदल्या रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचनाची पाळी नेमकी माझी. बायबलातलं ‘उत्पत्ती’चं पुस्तक, चौथा अध्याय. काइन हाबेलाला मारतो, निरपराध भावाचं रक्त जमिनीतून ओरडतं आणि देव जाब विचारतो, तोच! बायको शर्टाला इस्त्री करता करता म्हणाली, “घसा बसलाय म्हणून सांगा हवं तर.” तिला सगळं ठाऊक होतं. मी उलट तिच्यावरच खेकसलो.

व्हर्नियर तिसऱ्या बाकावर बसला होता. मी ‘अध्याय चौथा’ म्हटलं, पान उलटलं आणि मुद्दाम पाचवा सुरू केला. अमक्याला तमका झाला, तो इतकी वर्षं जगला. वंशावळ कोण कान देऊन ऐकतंय, असा माझा हिशोब. निर्लज्जपणाची हद्द झाली!

तर हा उठून पुढे आला. चारचौघांत माझी शोभा होऊ नये म्हणून अगदी हळू म्हणाला, “दादा, पानं चिकटलेली दिसतात. इथून वाचा.” आणि ओळीवर बोट ठेवलं. माझी सही त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तरी मला सांभाळून घ्यायला आला. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला.

“तो वर चढला होता,” मी माइकमध्येच बोललो. “तार त्याने मोजली होती. मी खोटं लिहून दिलं.” पाळक खुर्चीतून अर्धे उठले. मला रडू फुटलं. वाटलं, आता हा पाठीवर हात ठेवेल.

त्याने नाही ठेवला.

“इथे मला सगळे ओळखतात, दादा,” तो म्हणाला. “हे उद्या सुनावणीत सांगा.”

मी मान हलवली.

“मान नको. तोंडाने बोला.”

“सांगतो,” मी म्हणालो.