डावीकडची ओढ

सहदेवने गॅरेजच्या दारात गाडी करकचून थांबवली आणि खाली उतरायच्या आधीच ओरडायला सुरुवात केली.

"मिस्त्री, गाडी उजवीकडे ओढते! काल इथून नेली आणि आज ही तऱ्हा. दुरुस्ती केलीत का चेष्टा?"

माजिवड्याचे परशुराम मिस्त्री तोंडातलं पान थुंकून सावकाश उठले. ही पिकअप त्यांनी अक्षरशः नव्याने उभी केली होती. मानपाड्याजवळ ती रस्ता सोडून डावीकडच्या मोरीच्या कठड्यावर चढली, तेव्हा पुढचा पत्रा, एक चाक, स्टिअरिंगचे दांडे, सगळ्याचाच निकाल लागला होता.

त्या दिवशी गाडी सहदेवचा मेव्हणा रतन चालवत होता. एकट्याने चालवायची त्याची पहिलीच वेळ. हनुवटीला टाके पडले, ते भरलेही. पण सहदेवचं तोंड काही बंद होईना. डुलकी लागली असणार, असं तो चाळीत ज्याला त्याला सांगत सुटला. रतन मात्र एकच धरून बसला होता, "दाजी, गाडीच डावीकडे ओढली गेली." त्यावर सहदेवचं उत्तर ठरलेलं, "मग माझ्या हातात कशी नाही ओढली कधी?" शेवटी रतनने बोलणंच सोडलं. आज दुपारच्या एसटीने तो जुन्नरकडे, गावी निघाला होता, तो पुन्हा न येण्यासाठी. सकाळी शीलाने नवऱ्यापुढे चहा ठेवला आणि ती म्हणाली, "एकदा थांब म्हणा त्याला." सहदेव अर्धा चहा तसाच टाकून बाहेर पडला होता. तेव्हापासून त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं, आणि त्यात गाडीचं हे नवीन लचांड.

मिस्त्रींनी पुढच्या चाकांतली हवा तपासली. मग मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरा ताणून आधी एक बाजू पाहिली, मग दुसरी.

"चाकं सरळ आहेत."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"तसं कुठं म्हणतोय? टायर बदलून बघू."

पुढचा उजवा टायर डावीकडे गेला, डावा उजवीकडे आला. सहदेव तोवर गॅरेजच्या दारात येरझाऱ्या घालत होता. मग दोघं हायवेवर आले. रस्ता बऱ्यापैकी मोकळा होता.

"ती बघा! चालली उजवीकडे!" सहदेव म्हणाला. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा त्याला केवढा आनंद झाला होता.

"हात सोडा."

"काय?"

"स्टिअरिंगवरचे हात सोडा. मी आहे बाजूला."

इतकी वर्षं चालवत होता, पण हात सोडायचं सहदेवच्या जिवावर आलं. कशीबशी त्याने बोटं उचलली. गाडी निमूटपणे सरळ धावत राहिली.

"आता धरा."

धरल्याबरोबर गाडी उजवीकडे झुकली.

"गाडी नाय ओढत, सहदेवराव. तुम्ही ओढताय."

"मी कशाला ओढू?"

मिस्त्रींनी गाडी परत वळवायला सांगितली. गॅरेजमध्ये परतल्यावर भंगाराच्या ढिगातून त्यांनी एक टायर ओढून काढला. अपघातात गेलेला, डाव्या बाजूचा. एका जागी तो फाटला होता, पण मिस्त्रींचं बोट भलतीकडेच फिरत होतं. टायरची एक कड पार गुळगुळीत झाली होती आणि दुसऱ्या कडेची नक्षी शाबूत होती.

"ठोकल्यावर टायर फाटतो, असा झिजत नाय. ह्याला कितीतरी महिने लागतात. तुमची गाडी आधीपासनंच डावीकडे ओढत असणार. तुम्ही रोज चालवणार, थोडं उजवीकडे धरून चालवत गेलात. हाताला सवय लागली, तुम्हाला कळलंपण नाय. आता गाडी सरळ झाली, पण तुमचा हात अजून जुन्याच गाडीवर आहे. जाईल हळूहळू."

मिस्त्रींना रतनचं काही ठाऊक नव्हतं. ते हात पुसत दुसऱ्या गाडीकडे वळलेसुद्धा.

सहदेव टायरवर हात ठेवून उभा राहिला. त्याला लाज वाटली. चाळीत कुणाकुणाला काय काय सांगितलं, ते एकेक आठवू लागलं. मग एकदम एसटी आठवली आणि तो पळतच गाडीत चढला.

कोनगाव, दुर्गाडीचा पूल... रस्ताभर गाडी उजवीकडे जायची आणि तो स्वतःच्याच हाताला शिव्या घालत तिला परत आणायचा.

कल्याणच्या स्टँडवर जुन्नरची एसटी लागलेली होती. रतन पत्र्याची पेटी घेऊन दाराशी उभा होता. शीला त्याच्या पिशवीत चिवड्याचा पुडा कोंबत होती. सहदेवला धापा टाकत येताना पाहून तिचा हात थांबला.

सगळ्या रस्त्याने जुळवलेलं बोलणं सोडून सहदेव भलतंच बोलला.

"रतन, गाडी जरा चालवून बघतोस?"

"मी?"

"माझ्या हातात ती उजवीकडे जाते."

रतन त्याच्याकडे बघत राहिला. सहदेवने पेटी उचलली आणि नेऊन गाडीच्या मागच्या हौद्यात ठेवली. किल्ली रतनच्या हातात दिली आणि स्वतः पलीकडच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. शीला मधे जाऊन बसली.

रतनने गाडी मुरबाड रस्त्याला घातली. सुरुवातीला त्याचे खांदे ताठरलेले होते. गर्दी मागे पडली तशी त्याने पकड सैल केली, आणि मग दोन्ही हात जरासे उचलून पाहिले.

"सरळ जाते, दाजी."

"आता जाते," सहदेव खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"आता म्हणजे?" शीलाने विचारलं. "नीट सांगा."

सहदेवने मान वळवली.

"म्हणजे आधी ओढायची. डावीकडे. तो म्हणत होता तशीच. मलाच कळलं नाही. चाळीतसुद्धा सांगेन सगळ्यांना."

शीलाने पदराचं टोक डोळ्यांना लावलं. रतनने हनुवटीवरून एकदा हात फिरवला आणि तो पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला.

मागून जुन्नरची एसटी हॉर्न देत आली. रतनने आरशात पाहिलं, गाडी आपणहून थोडी डावीकडे घेतली आणि एसटीला पुढे जाऊ दिलं.