सिंहाचे उलटे आटे

थोरलीनं पान्याच्या दांड्यावर नळाचा जुना पाईप चढवला, पाईपावर दोन्ही हात टेकले आणि अंगात जे काही उरलंसुरलं वजन होतं ते सगळं त्यावर सोडून दिलं. फरशीवर उलटी उभी केलेली सायकल कण्हली. थोरलीही कण्हली. पायडलच्या मधल्या नळीत आट्यांनी बसवलेला लोखंडी कप काही हलला नाही.

"झालं का?" बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला.

"झालं असतं तर धडपडल्याचा आवाज आला असता," ती म्हणाली आणि ओट्याला पाठ लावून तिथंच खाली बसली.

थोरली म्हणजे भावंडांत थोरली. माहेरी पडलेलं नाव लग्न होऊनही सुटलं नाही, कामावरही तेच चिकटलं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत ती इस्त्रीच्या रोलरवर उभी असायची. ओल्या चादरी एका बाजूनं आत, कडक चादरी दुसऱ्या बाजूनं बाहेर. थोरलीचं बरोबर उलटं, सकाळी कडक यायची आणि पाळी सुटली की पिळून काढल्यासारखी घरी जायची.

तर ही लाँड्री सोमवारपासून पुलापलीकडे, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जाणार होती. पहिली पाळी सुरू होते तेव्हा बसवाले अजून कूस बदलत असतात. मुकादमबाईनं सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं होतं, "सोमवारी जिचा रोलर रिकामा, तिची जागा रिकामी. नंतर माझ्यापुढे रडायचं नाही, मला आधीच सर्दी आहे." गेल्या सुट्टीला थोरलीनं चालत जाऊन बघितलं. पोचली, नाही असं नाही. पण पोचल्यावर तिच्याच्यानं साधा रुमालसुद्धा इस्त्री झाला नसता. नवऱ्याची पाठ जाऊन तो घरी बसलेला. तेव्हा रोलर रिकामा राहून चालणार नव्हतं.

ही अडचण तिनं धाकट्या भावाला सांगितली. इथं तिचं चुकलंच.

भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात सोन्याचा आणि डोकं माकडाचं. सगळे त्याला चकव्या म्हणत. एका सलूनच्या पाटीवर त्यानं 'कटिंग'खाली बारीक अक्षरांत 'कानासहित' असं लिहून ठेवलं होतं. गिऱ्हाईकं का घटली ते सलूनवाल्याला कितीतरी दिवस कळलं नाही. पन्नाशी आली तरी खोड गेली नव्हती. पण बहिणीसाठी जीव टाकायचा. तिनं सांगितलं आणि तो भंगारवाल्याकडून सायकल घेऊन आला.

जुनी रेसची सायकल. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, बोटाएवढे बारीक टायर, गिअरचे खटके मधल्या नळीवर. कुणीतरी तिला दाराखिडक्यांचा हिरवा ऑइलपेंट फासला होता, तोही उरलेला असावा, कारण मागच्या चाकाकडे येईपर्यंत संपला होता. नाव नाही, गाव नाही.

नवऱ्यानं तिच्याभोवती एक फेरी मारली. "भंगारवाल्याशी तुमचं काही जुनं वैर आहे का?"

मग रोज तेच. चहा पिताना भंगार, दात घासताना भंगार. थोरली ऐकून घ्यायची. उत्तर द्यायलाही जोर लागतो, आणि तो तिला वाकड्या चाकाचा आऊट काढायला हवा होता. चकव्याला मात्र ऐकवेना. एक दिवस त्यानं 'जरा पुसून देतो' म्हणून सायकल गॅलरीत नेली आणि परत आणली तेव्हा हँडलखालच्या नळीवर पत्र्याचा बिल्ला होता. मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह, कडेनं सोनेरी रेघ.

"भाऊजी, रंगाखाली सापडला," तो हळू आवाजात म्हणाला. "सिंहवाली निघाली, मोठ्या कंपनीची! तुम्ही ओळखली असणारच."

आता अशा वेळी 'नाही ओळखली' म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. भाऊजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "मला चाकं बघूनच संशय आला होता."

त्या दिवसापासून नवऱ्याची पाठ निम्मी बरी झाली. बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्यांना त्यानं वर बोलावून सिंह दाखवला. आणि आता त्याचं नवीनच सुरू झालं. "हिच्यावरून कामाला जाणार तू? अगं, ही लाख मोलाची वस्तू! भिंतीवर टांगायची असते."

"मलाही टांगा शेजारी," थोरली म्हणाली.

ब्रेकचे रबर तिनं बदलले, तारा आवळल्या, चेन रॉकेलमध्ये बुडवून काढली. लाँड्रीतली मशिनं रोज कुरकुरायची, त्यामुळे तिचा हात बसलेला होता. पण पायडल मारलं की सायकलच्या पोटातून दगड दळल्यासारखा आवाज यायचा आणि पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, डावी-उजवीकडे डुलायचा. तिनं क्रँक काढले, डावीकडचा कप काढला, मधला एक्सल ओढून बाहेर घेतला. बेअरिंगचे छर्रे निघाले ते चपटे. उजवीकडच्या कपात आत बॅटरी मारून बघितलं तर छर्रे फिरायच्या वाटेवर नुसते खड्डे. तो कप बदलल्याशिवाय सायकल पुलापर्यंतही गेली नसती.

नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे ती गेली तर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. "ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघू," तो म्हणाला. पुढचा आठवडा तिच्याकडे नव्हता. मग त्यानं पातळ तोंडाचा रुंद पाना हातात दिला आणि विचारलं, "बिल्ला कुठला आहे?"

"सिंह."

"मग नीट ऐक. सिंहवाल्यांच्या उजव्या कपाला उलटे आटे. नळ बंद करताना फिरवतेस ना, तसा फिरव, म्हणजे उघडेल. सगळे इथंच फसतात. उघडतोय म्हणून आवळत बसतात आणि मग माझ्याकडे येऊन रडतात."

थोरली फसणाऱ्यांतली नव्हती. तिनं सांगितलं तसंच केलं. शुक्रवारी कामावरून आल्यावर नळ बंद करतात तसा फिरवला. शनिवारीही तसाच, वर पाईप लावून. बिचारी मनापासून आवळत होती.

तिथं ओट्याला टेकून बसल्या बसल्या तिचे डोळे मिटायला लागले होते. तेवढ्यात समोर कपाच्या कडेला तिला खरवडलेली जागा दिसली. पाना सटकून हिरवा रंग उडाला होता आणि खालच्या लोखंडात काहीतरी ठोकलेलं होतं. तिनं उलथन्यानं आणखी खरवडलं. एक थेंब. पाण्याचा थेंब, नखाएवढा.

लाँड्रीत एक गोष्ट रोज घडायची. चादरीवर शिक्का एका वॉर्डाचा आणि चादर दुसऱ्याच वॉर्डाची. वॉर्डातल्या बायका एकमेकींच्या चादरी पळवायच्या आणि वर आपला शिक्का मारायच्या. म्हणून जुन्या बायका शिक्का बघतच नसत. कड उलटून आतली शिवण बघायच्या. शिक्का कुणीही मारतं. शिवण जिची असते तिचीच असते.

सिंहवाले आपल्या लोखंडावर थेंब कशाला ठोकतील?

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि बिल्ला अगदी जवळून बघितला. सिंह चांगला होता. पण त्याच्या मिशा तिच्या ओळखीच्या होत्या. कोपऱ्यावरच्या मटणवाल्याच्या पाटीवर जो बोकड होता, त्यालाही डिट्टो अशाच मिशा होत्या.

रविवारी सकाळी चकव्या चहाला आला. भाऊजी खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात बसले होते, आपल्या सिंहवालीचं ऑपरेशन बघायला.

"ये," थोरली म्हणाली. "पाईप धर. मी दोन दिवस लोंबकळले, आता तू लोंबकळ."

चकव्या लोंबकळला. चेहरा लाल झाला. "ताई, हा कप आहे का तुझी सासू?"

"माझ्या आईला मध्ये आणायचं नाही," भाऊजी दारातून म्हणाले.

"अजून जोर लाव. नाहीतर आता मी हातोडीनं ठोकते. तडकलं तर तडकलं."

"ठोकायचं नाही!" भाऊजी अर्धे उठले, पाठ आठवली म्हणून परत बसले. "सिंहवाली आहे ती!"

"तडकलं तर मी उद्या घरी बसते," थोरली शांतपणे म्हणाली आणि हातोडी उचलली. "हेही बसलेत. दोघं मिळून सिंह बघू."

चकव्यानं पाईप सोडला. तिच्या हातांकडे त्याचं आत्ता लक्ष गेलं. तळव्यांना फोड आले होते, एक फुटलेला होता. "थांब गं. असा फिरवायचा हे तुला सांगितलं कुणी?"

"सायकलवाल्यानं."

"त्याला कसं कळलं? त्यानं सायकल कुठं बघितलीय?"

"बिल्ल्यावरून. सिंह असला की उलटं फिरवायचं. बिल्ला खरा असतो ना रे, चकव्या?"

चकव्याचं तोंड उघडंच राहिलं. पाटीवर काहीही रंगवलं तरी दुकान आतून तेच राहतं, असा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. पत्र्याच्या तुकड्यावरचा सिंह बहिणीच्या हाताला फोड आणेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यानं भाऊजींकडे बघितलं. भाऊजी सिंहाकडे बघत होते, इतक्या मायेनं की तेवढ्या मायेनं त्यांनी बऱ्याच दिवसांत कशाकडेच बघितलं नव्हतं.

"ताई," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "दुसरीकडं फिरव."

थोरलीनं पाना काढला, उलटा लावला, पाईप चढवला. दोघं मिळून लटकले. आधी काहीच नाही. मग कडकन् आवाज झाला, दोघं एकमेकांवर कोसळले आणि कप सुटला. पुढं तर बोटांनीच निघाला.

"अरे पण सिंहवाल्यांचे आटे उलटे असतात ना?" भाऊजी म्हणाले. ही माहिती त्यांनी कालच तळमजल्यावर सगळ्यांना दिली होती.

"म्हातारा झालाय हो सिंह, भाऊजी," चकव्या कोपर चोळत म्हणाला. "आता पूर्वीसारखा उलटा चालत नाही."

निघालेला कप मुठीत धरून थोरली चकव्याबरोबर जिना उतरली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "दोन संध्याकाळी मी तो कप आवळत होते."

"मी यांचं तोंड बंद करायला केलं गं. सारखं आपलं भंगार भंगार."

"झालं बंद? बिल्डिंगभर उघडं फिरतंय आता."

चकव्या हसायला लागला. तिलाही हसू आलं होतं, पण वर येता येता ते दमलं आणि मध्येच कुठंतरी बसलं.

सायकलवाला रविवारी अर्धाच दिवस बसायचा आणि शटर ओढायच्या बेतात होता. थोरलीनं निघालेला कप त्याच्या हातावर ठेवला. त्यानं आट्यांवरून अंगठा फिरवला, भुवई वर केली. "हा सिंहाचा नाही."

"नाही."

"मग कुणाचा?"

"सिंह माझ्या भावाचा," असं म्हणून तिनं चकव्याकडे बोट दाखवलं. "लोखंडावर थेंब आहे."

"थेंब?" सायकलवाला मोठ्यानं हसला. "अगं, मग ती पंपवाल्यांची! पाण्याचे पंप बनवायचे ते. पंपांचा खप बसला तेव्हा थोडे दिवस सायकली काढल्या. पंपाच्याच मशिनवर आटे पाडायचे, म्हणून सगळे सुलटे. जड असते. पण मोडत नाही. कुणाला नकोच असते म्हणून चोरीलाही जात नाही."

"मला तशीच पाहिजे होती," थोरली म्हणाली.

डब्यातले कप उपसून त्यानं एक जुळणारा काढून दिला, मूठभर छर्रे दिले. "आणि ऐक. हा उजवा कप सुलट्या आट्यांचा, चालवता चालवता आपोआप ढिला पडतो. करकचून आवळ."

"आवळायची सवय झालीय मला."

संध्याकाळपर्यंत सगळं जाग्यावर बसलं. ग्रीस भरलं, छर्रे मोजायच्या भानगडीत न पडता मावतील तेवढे बसवून एक काढून घेतला, एक्सल घातला, क्रँक ठोकले. पायडल हातानं फिरवलं तर आवाजच नाही. भाऊजींनी कान लावून खात्री केली आणि म्हणाले, "बघ, जातिवंत वस्तू. हिला उद्या पुलावर नेऊ नकोस. मी तळमजल्यावरच्यांना काय सांगू?"

थोरली फरशी पुसत होती. खरं सांगावं असं तिच्या तोंडाशी आलं. पण मग चकव्याची बाजू घ्या, यांचा रुसवा काढा, तळमजल्याची समजूत घाला. एवढं सगळं करायला अजून एक थोरली लागली असती.

"मग तुम्ही मला खांद्यावर बसवून न्या," ती म्हणाली. "लाँड्री पुलापलीकडंच आहे."

नवऱ्यानं चष्मा डोळ्यांवर नीट बसवला. मग त्याची नजर तिच्या तळहातांवर गेली आणि तो मलमाची डबी शोधायला लागला. ती त्याला सापडली नाही, कारण घरातलं काहीच त्याला सापडत नसे. पण शोधली त्यानं.

सोमवारी उजाडता उजाडता सायकल जिन्यावरून खाली न्यायला नवरा उठला. "पाठ," थोरली म्हणाली. "पाठ आहे की," तो म्हणाला आणि मागचं चाक धरलं. पुढचं तिनं धरलं. दोघं प्रत्येक मजल्यावर थांबत उतरले.

रस्ता रिकामा होता. पहिल्या वळणावर ती पडता पडता वाचली, दुसऱ्यावर खरंच पडली आणि कुणी बघितलं नाही ना ते बघून उठली. खाली वाकून चालवायची सवय नव्हती, मान अवघडली. पंपवाल्यांची सायकल सायकलवाल्यानं सांगितली होती त्याहून जड निघाली. पुलाच्या चढावर ती उतरली आणि ढकलत वर गेली. वर पोचल्यावर परत बसली. उतारावर पायडल मारावंच लागलं नाही. पाय नुसते ठेवून दिले होते आणि रस्ता आपणहून मागे जात होता. कामावर जाताना असं काही न करता नुसतं बसून राहणं तिला जरा चमत्कारिकच वाटलं.

नव्या लाँड्रीच्या दारात मुकादमबाई नाक पुसत उभी होती. "आलीस? कशी आलीस गं?"

"कुरकुरत," थोरली म्हणाली. "मी. सायकल नाही."

तिनं सायकल पाण्याच्या पाईपाला टेकवली आणि आत जाऊन रोलर सुरू केला. पहिली ओली चादर आत सरकली. मांड्या दुखत होत्या, मान दुखत होती, गुडघा खरचटला होता. घोटे मात्र दुखत नव्हते. त्यांना अजून अख्खी पाळी उभं राहायचं होतं. पुढची चादर तिनं उचलली, शिक्का बघितला, मग कड उलटून शिवण बघितली. चादर दुसऱ्याच वॉर्डाची होती.

"बायका काही सुधारणार नाहीत," ती पुटपुटली आणि चादर आत सोडली.