छबुबाईच्या नावावरची वळई

"मावशी, घराला दार कुठंय?" ग्रामसेवक त्रिंबकने वळईभोवती दुसरी फेरी मारून विचारलं.

वळईच्या माथ्यावरून छबुबाईने खाली पाहिलं. "कुणाच्या घराला?"

"ह्याच."

वळई पऱ्हाट्यांची होती, घराएवढी रचलेली गंजी. कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या ह्या काटक्या पूर्वी चुलीत जायच्या. आता वडवणीच्या अलीकडे कारखाना निघाला होता. तो त्या दळून इंधनाच्या कांड्या करायचा आणि काडी ओली दिसली की ट्रक माघारी लावायचा. गेल्या अवकाळीत चार गावांचा माल माघारी गेला. छबुबाईची वळई तेवढी आतून पापडासारखी कोरडी निघाली. चाळीस वर्षं कडबा रचलेला हात होता. बाहेरच्या अंगाला उतार, माथ्याला सरळ आढं. गावठाण मोजायला आलेल्या ड्रोनलासुद्धा ती इतकी पसंत पडली, की त्याने तिला नकाशात घर म्हणून टाकलं. मोजणीवाल्यांनी पारावर विचारलं, हे कुणाचं? पारावरचे खरं बोलले. छबुबाईचं.

त्रिंबकने कागद वर धरला. "अनधिकृत बांधकाम, सात दिवसांत पाडा, असं आलंय. चूक हाय ती. 'हे घर न्हाई' म्हणून अंगठा द्या, मी नाव खोडतो. मिटलं."

छबुबाई शिडीवरून उतरली. अंगठा पदराला पुसला आणि थांबली. "नाव कुणाचं हाय म्हणलात?"

"तुमचंच. छबुबाई गहिनीनाथ."

"निसतं माझं? शहादेव भावजीचं न्हाई त्यात?"

"न्हाई."

गहिनीनाथ गेला तेव्हा तेराव्याच्या आत घर त्याच्या भावाच्या, शहादेवच्या नावावर झालं होतं. अकरा वर्षं छबुबाई त्याच घराच्या ओसरीत झोपत होती, आणि शहादेव पाहुण्यांना सांगायचा, वहिनीला वाऱ्याची आवड आहे.

"मग का म्हून खोडता?" ती म्हणाली.

"मावशी, हे उद्या ट्रकमधी बसून जळायला जाणार."

"जाऊ द्या की. लोकांची घरं जळत न्हाईत का? कागद ऱ्हातोच न्हवं."

"पण नोटीस..."

"पाडा म्हणलंय ना? पाडते. पण छबुबाईचं घर पाडलं, असं लिवून द्या. न्हाई तर ही मी बसले वर. तुमी पाडा."

ती पुन्हा शिडी चढली. त्रिंबकने वर पाहिलं, नोटिशीवरची तारीख पाहिली, आणि पंचनाम्याचं रजिस्टर आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाँद कारखान्याचा ट्रक घेऊन आला. तो खाली उतरायच्या आत त्याला पंच करण्यात आलं.

"दारं?" त्रिंबकने विचारलं.

"शून्य," चाँद म्हणाला.

"खिडक्या?"

"शून्य."

"छप्पर?"

चाँद जरा मागे सरून बघू लागला. "लई भारी लिवा. आमचं गळतंय."

त्रिंबकने 'सुस्थितीत' लिहिलं. "राहणारे?"

"दोन मुंगसं दिसली आत्ता."

"ती भाडेकरू," छबुबाई म्हणाली. "मालक मी."

शिक्का बसला, अंगठे उठले, 'छबुबाईचं घर पाडलं' असा कागद तिच्या हाती आला. मग छबुबाईने एकेक पेंढी मोजून-मापून स्वतः उतरवली, ट्रकवर रचली, दोर आवळला. दुपारी ट्रक गेला. वळईच्या जागी पांढुरका, कोरडा चौकोन राहिला. तिने तो झाडला, मधोमध बसून भाकरी सोडली आणि कागद वाऱ्याने उडू नये म्हणून तांब्याखाली ठेवला.

शहादेव तरातरा आला. "वहिनी, गावात काय काय बोलायलेत लोक. तो कागद द्या बघू इकडं."

त्याचा पाय चौकोनाच्या कडेवर आला, तशी छबुबाईने घास हातातच ठेवला.

"भावजी, चपला काढून या."

शहादेवने उघड्या जमिनीकडे पाहिलं. मग रस्त्यावर थांबलेल्या चौघांकडे पाहिलं. कुणीच हसत नव्हतं. तो वाकला आणि चपलेचा पट्टा सोडवू लागला.