आठ मात्रांचा शब्द

मित्रांनो, जरा डोळे मिटा. ठाण्यात बाळकुमच्या एका उंच इमारतीतले कपाट डोळ्यांसमोर आणा. वरच्या फळीवर, जुन्या चादरींमागे, कोणीतरी गवसणीत गुदमरत बसले आहे. तो मी. मी एक जुना तबला आहे.

माझे खोड शिसवीचे. गुरुदत्त आजोबांनी मला गणपतीच्या आरत्यांना, भजनांना वाजवले. माणसे माना डोलवायची. मग आजोबांची बोटे आखडली आणि घरात मोबाइल आला. खरे सांगतो, मी त्याच्यावर जळतो. त्याची काच सारखी पुसली जाते. माझ्या गवसणीला कसरीने भोके पाडली, त्याची कोणाला दादही नाही.

एका संध्याकाळी आजोबांची नात ऋजुता त्याच मोबाइलला कान लावून बसली होती. शाळेच्या प्रदर्शनात तिला मेंदूच्या एका तपासणीविषयी बोलायचे होते. तपासणीचे नाव इलेक्ट्रोएन्सेफलोग्रॅम. मोबाइल ते एका दमात म्हणे. ऋजुता मध्येच अडखळे. मला आतून गार वाटे.

"उद्या नाही जमलं तर टीचर माझं भाषण मैथिलीला देणारेत," ती रडवेली झाली. "ती आत्तापासूनच भाव खातेय."

"काढ त्या तबल्याला खाली," आजोबा म्हणाले.

मला! ऋजुताने गवसणी काढली आणि बसल्याबरोबर थाप मारली. आजोबांनी तिचा हात धरला. "अगं थांब. बोल आधी तोंडात बसवायचा, टाळीवर. मग तबला."

दोघे सावकाश टाळी देऊ लागले. इ, लेक्, ट्रो, एन्, से, फ, लो, ग्रॅम.

"आठ मात्रा," आजोबा हसले. "हा तर आपला केरवा ताल."

"पण आजोबा, मोबाइल 'से'वर जोर देतो."

"पाचवी ना? केरव्यात तिथे 'खाली' असते, म्हणजे हलकी मात्रा." आजोबांनी पुन्हा मोबाइल ऐकला. "त्याचं बरोबर असणार. दे तिथे जोर."

मला ते झोंबले. पण ऋजुताने पाचव्या मात्रेवर अशी खणखणीत थाप दिली, की किती दिवसांनी माझा आवाज मलाच ऐकू आला. मग दुप्पट लयीत शब्द तिच्या तोंडून घरंगळत गेला.

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू गप्प असली म्हणजे ती संपली असे समजू नका. तिला अधूनमधून ऊन दाखवा, हात लावा.

दुसऱ्या दिवशी ऋजुता भाषण करून आली ती मैथिलीला घेऊनच.

"सांग ना गं, कसं पाठ केलंस?" मैथिली विचारत होती.

तिला शब्द ऐकवायला ऋजुताने मोबाइल माझ्याच बुडाखालच्या चुंबळीला टेकवून ठेवला. माझा जळफळाट झाला. मग तिने खिशातून रुमाल काढला, आधी माझे तोंड पुसले, आणि नंतर त्याची काच.