बद्द आवाज ऐकायला कुणी आलंच नाही

मी घरं तपासणाऱ्या ताईंची हातोडी बोलतेय. खिळे ठोकण्याइतकी ताकद माझ्यात नाही. डोकं सुपारीएवढं, दांडा वीतभर. भिंतीवर हलकेच वाजायचं आणि आतलं दुखणं सांगायचं, एवढंच माझं काम. भिंत धड असली की आवाज खणखणीत येतो, गिलावा सुटला असला की बद्द.

ताईंचे वडील गवंडी. उरलेल्या लोखंडी गजातून त्यांनी मला घडवलं आणि लेकीच्या हाती दिलं. त्याला पंधरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत माणसांनी माझा जीव मेटाकुटीला आणलाय. चप्पल घेताना दुकानात चार फेऱ्या मारून बघतात आणि घर घेताना नुसत्या रंगावर भुलतात!

एका बसचालकाचंच घ्या. त्याच्या आईला दमा, जिने चढवत नव्हते. म्हणून तळमजल्यावरचं घर बघितलं होतं. ताईंनी फोन केला, "तपासणीला तुमच्यापैकी एकजण तरी या. दोन-तीन तास लागतील."

"आम्हाला काय कळतंय त्यातलं? तुम्ही बघा आणि कागद पाठवा."

कुणी आलं नाही. आम्ही दोघीच गेलो. बाहेरची खोली खणखणीत वाजली. आतल्या खोलीत मात्र बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला छतापर्यंत कपाट होतं.

"ते हलायचं नाही, सामान भरलंय," घरमालक म्हणाला.

दुसऱ्याचं कपाट ओढायचा किंवा भिंत फोडायचा अधिकार ताईंना नसतो. त्यांनी कपाटाच्या कडेला मला वाजवलं. बद्द. पुन्हा वाजवलं. बद्दच. त्यांनी अहवालात लिहिलं, 'कपाटामागची भिंत बघता आली नाही. शेजारचा गिलावा सुटलाय, आत ओल असू शकते. करार करण्याआधी कपाट हलवून पुन्हा तपासून घ्या.'

हे नवव्या पानावर होतं. पहिल्या पानावर होतं, 'घराचा सांगाडा भक्कम आहे.' बसचालकाने तेवढं वाचलं आणि आठवड्यात सही केली. जाताना मालकाने कपाट नेलं आणि खोलीला ताजा रंग मारून दिला. त्याचं यांना केवढं कौतुक!

तीन महिन्यांनी फोन आला. आम्ही गेलो तर भिंत छातीएवढ्या उंचीपर्यंत काळी पडलेली, रंगाचे पोपडे सुटलेले. त्याच भिंतीला लागून आईंचा पलंग होता. तेवढ्या दिवसांत त्यांना दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं.

"ताई, तुम्ही तर भक्कम लिहिलं होतंत," तो म्हणाला.

ताईंनी नववं पान काढून त्याच्या बायकोपुढे धरलं. तिने ते मोठ्याने वाचलं आणि ती नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही वाचलं होतंत ना हे?"

"पहिलं पान वाचलं होतं."

बाहेरच्या खोलीतून आई म्हणाल्या, "त्याला बोलू नकोस गं. घाई माझीच होती." एवढं बोलतानाही त्यांना दोनदा थांबावं लागलं.

भिंत फोडली तेव्हा आतला गळका पाइप सापडला. काम संपेपर्यंत आई लेकीकडे राहिल्या.

खरं सांगू? मी ताईंवरही चिडले होते. नववं पान लिहून त्या मोकळ्या झाल्या होत्या, फोन करून सांगितलं नव्हतं. परतताना त्या स्वतःशीच म्हणाल्या, "मी बोलायला हवं होतं." तेव्हापासून घर घेणारा सोबत आल्याशिवाय त्या तपासणीला जातच नाहीत. घेणाऱ्याच्याच हातात मला देतात आणि म्हणतात, "वाजवा."

आता माझा दांडा चिरलाय, त्याला चिकटपट्टी गुंडाळली आहे. कामही कमी झालंय. काल एका गृहस्थांना ताईंनी सोबत यायला सांगितलं.

"अहो, कागद पाठवलात तरी चालेल."

"मला नाही चालणार."

पलीकडून फोन ठेवला गेला. त्यांना तसा कागद देणारा दुसरा कुणीतरी मिळेलही.

तुम्ही तरी असं करू नका. सही करायच्या आधी या. कपाटं हलवायला लावा. जे बघता आलं नाही, ते कुठल्या पानावर लिहिलंय ते विचारा. वाजायचं काम माझं, ते मी करीन. ऐकायला मात्र तुम्हालाच यावं लागेल.