बाटलीवरची रेघ

तिने उंदराला उजेडाच्या कप्प्यात सोडलं आणि स्टॉपवॉच दाबलं. समोर लहानसं दार, पलीकडे अंधार. काल तो असाच तुरुतुरु अंधारात गेला होता आणि पायांखालच्या सळ्यांनी त्याला बारीकसा झटका दिला होता. लगेच व्हासोप्रेसिनचं इंजेक्शन. मेंदूच्या बुडाशी असलेल्या इवल्याशा पीयूषिका ग्रंथीतलं हे संप्रेरक मिळालं की उंदीर झटका सहसा विसरत नाहीत, दाराशी थबकतात.

चाळीस सेकंद. उंदराने दारात नाक घातलं आणि मागे सरला.

तिने उपडा ठेवलेला फोन पुन्हा पाहिला. काही नव्हतं.

“मॅडम, परीक्षा उंदराची चाललीय की फोनची?” पिंजरे धुणारे काका म्हणाले.

“लेकीला आज पहिल्यांदा सोडून आलेय, काका.”

“जवळ कोण आहे?”

“तिचा मामा.”

“मग काय! मामा असताना भाचीला कसली काळजी?”

ती हसली नाही. धाकटा भाऊ नऊ महिने व्यसनमुक्ती केंद्रात काढून मागच्याच महिन्यात बाहेर आला होता. त्याची सुरुवात खोकल्याच्या औषधाने झाली होती. पुढे मिळेल ते. आणि आज सकाळी त्याच औषधाची, नवऱ्याला डॉक्टरांनी दिलेली, अर्धी उरलेली बाटली तिने दुपट्यांच्या खणात ठेवली होती. विसरून नव्हे. खण उघडताच दिसेल अशी. औषध जिथवर होतं तिथे लेबलवर बारीक पेनाने रेघ मारून.

पलीकडच्या खोलीत पिंजऱ्यातली लिव्हरची दांडी दाबून स्वतःच नशा टोचून घेणारे उंदीर होते. त्याच ग्रंथीतलं दुसरं संप्रेरक, ऑक्सिटोसिन, दिल्यावर ते लिव्हर कमी दाबतात का, हे सर बघत होते. लिव्हर समोर ठेवल्याशिवाय कळणार कसं? सकाळी हे किती साधं वाटलं होतं! आता तेच तिच्या अंगावर येत होतं. त्याने घेतलं असेल, डोळे जड झाले असतील, आणि छकुली त्याच्या हातात असेल तर?

एकाएकी पान्हा फुटला. तोही त्याच ग्रंथीच्या हुकमाने. ग्रंथीला प्रयोगाची वेळ कळत नाही. ती उठली.

“काका, तीनशे सेकंद झाले की याला उचला.”

“अहो, सरांना काय सांगू?”

“खरं ते सांगा.”

घरी धाकटा खुर्चीत अवघडून बसला होता. छकुली त्याच्या छातीवर झोपली होती.

“हळू! आत्ताच डोळा लागलाय,” तो पुटपुटला. “तीन दुपटी भिजवली तुझ्या लेकीने. मामाचा शर्ट वेगळाच.”

“हात धुऊन येते.”

हात न धुताच तिने खण उघडला. बाटली डोळ्यांसमोर धरली. औषध बरोबर रेघेवर होतं. ती पलंगाच्या कडेला बसली.

“ताई.”

तो बाळाला घेऊन दारात उभा होता.

“रेघेवर जाऊ नकोस. रेघेपर्यंत पाणी घालायला मला एक मिनिट पुरतं.” त्याचा आवाज साधा होता. “आईच्या बाटलीत वर्षभर घालत होतो. तिचा खोकला जाईना म्हणून आपण दोन डॉक्टर बदलले, आठवतं?”

तिला आठवत होतं.

“घेतलंस?”

“नाही. पण घेतलं असतं तरी ‘नाही’च म्हणालो असतो.”

“मग मी कशावरून समजायचं?”

“तेच तर मलाही कळत नाही, ताई.”

छकुली चुळबुळली, तोंड उघडून शोधू लागली. त्याने मान नीट सावरून तिला बहिणीच्या हातात दिलं. ती पाजायला बसली.

तो चपला घालू लागला तेव्हा ती म्हणाली, “उद्या साडेनऊला ये. बेल वाजवू नकोस, ही झोपलेली असते. खुंटीवरची किल्ली घेऊन जा.”

त्याने किल्लीकडे पाहिलं. हात पुढे केला, मग तो खिशात घातला.

“किल्ली नको. इतक्यात नको.” त्याने दार उघडलं. “बेलच वाजवीन. ही उठली तर मी निजवीन.”