उंदराचं पान

बारकूच्या परसात उंदीर झाले याचं गावात कुणाला नवल नव्हतं. टोकावड्यापासून धसईपर्यंत ज्याच्या दारी काकडीचा मांडव, त्याच्या मांडवाखाली उंदराचं बीळ, हे ठरलेलंच. पण बारकूच्या परसात उंदरांच्या जोडीला कुत्री होती, आणि खरी भानगड तिथं होती.

कुत्री दोन. एक हवालदार आणि दुसरी त्याची आई, राणी. हवालदाराला ते नाव पडलं, कारण तो गावभर दम देत गस्त घाली आणि जन्मात त्यानं कुणाला पकडलेलं नव्हतं. राणी तेवढीही तसदी घेत नसे.

उंदरानं मांडवाखाली चार बोटांचं बीळ पाडलं, की हवालदार त्यात नाक खुपसून फुंफुं करी आणि मग दोन्ही पंजांनी असा उकरायला लागे, की भोपळ्याचा वेल मुळासकट उडून शेजारच्या गोजरकाकीच्या कुंपणावर जाऊन पडे. राणी बाजूला बसून देखरेख करी. खाली पाणी लागलं तरी उंदीर काही लागत नसे. तो मागच्या वाटेनं सटकून पडवळाखाली नवीन घर बांधायला गेलेला असे. मग हवालदार पडवळाखाली. असं करता करता श्रावण सरला, तेव्हा परसात एवढे खड्डे झाले होते, की येणारा-जाणारा विचारी, "बारकू, केळी लावतोस काय रे यंदा?"

बारकूला त्याचं काही नव्हतं. तो म्हणे, मेहनती कुत्रा आहे. पण वेल त्याच्या बायकोचे, सकुबाईचे होते. बियाणं तिनं माहेराहून आणलेलं, माती तिनं डोक्यावरून वाहिलेली, आणि धसईच्या बाजारात तिच्या काकड्या टोपली खाली ठेवायच्या आत संपत. यंदा बाजारात न्यायला तिच्याकडं होते ते खड्डे.

त्या बाजारातच तिला धाऊ मुकादम भेटला. हा तिचा लांबचा भाऊ, माळशेजच्या घाटात रस्त्याच्या कामावर होता. त्याच्या तंबूवरची दोन कुत्री बिबट्यानं नेली होती आणि त्याला नवी हवी होती. सकुबाईनं जागच्या जागी शब्द देऊन टाकला आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

"गौर जेवायच्या आत परसातला उंदरांचा तरास गेला तर कुत्री ऱ्हातील. नायतर धाऊदादा येईल नि घेऊन जाईल."

"अगो, घाटात बिबट्या हाय."

"मग हवालदार हाय ना तुमचा? पकडंल की."

बारकू त्या दिवशी जेवला नाही. म्हणजे जेवला, पण भाकर दोन्ही कुत्र्यांना वाटून. दुसऱ्या दिवशी तो कामाला लागला.

आधी त्यानं गोजरकाकीची मांजर उसनी आणली. मांजर परसात उतरली, तिनं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं, आणि पुढच्या घटकेला ती मांडवावर होती. तिच्या मागून हवालदार मांडवावर होता. मग मांडव जमिनीवर होता. उंदरांना केस वाकडा न होता वरच्या काकड्या खाली मिळाल्या. पुढं त्यानं लाकडी चाप लावला, चापात भाजलेला बोंबील ठेवला. त्यात राणीचं नाक सापडलं. आजवर जागची न हललेली राणी चाप नाकाला घेऊन चावडीपर्यंत जाऊन आली.

शेवटी बारकू कातकरवाडीवर लखमाकडं गेला. लखमा आणि त्याची बायको भात कापून झालं की शेतातली बिळं खणत, उंदीर धरत आणि भाजून खात. बारकूला वाटलं, हा आनंदानं येईल. लखमानं विडी विझवली आणि कुणी कच्चा आंबा विकायला आणल्यासारखं तोंड केलं.

"आत्ता? आत्ता काय हाय त्यांच्या अंगावर? नुसती मिशी नि शेपूट. दिवाळी होऊ दे दादा. भात खाऊन टरटरीत झालं का मी सोता येतो."

बारकू म्हणाला, तोवर माझी कुत्री बिबट्याच्या पोटात असतील. लखमानं जरा विचार केला.

"मंग बिबट्या टरटरीत व्हईल," तो म्हणाला.

आता उरला ग्रामसेवक. तो मुरबाडहून सायकलीवर येई आणि झाडाखाली बसून खतांबद्दल बोले. त्याला आजवर आपण होऊन कुणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळं बारकूनं उंदरांचं विचारताच तो इतका हरखला, की पिशवीतून लसणासारखा वास येणाऱ्या करड्या पावडरीची पुडी काढून त्यानं भाषणच सुरू केलं. उंदीर संशयी जात आहे. नवीन खाणं दिसलं की तोंड लावत नाही. आधी चार दिवस साधं खाणं ठेवायचं, त्याचा विश्वास बसू द्यायचा आणि मग त्यात ही पावडर कालवायची. कुत्री बांधून ठेवायची, कारण पावडरीला उंदीर कुठला नि कुत्रा कुठला ते कळत नाही. हात धुवायचे.

बारकूला कुत्र्यांचं कळलं आणि विश्वासाचं कळलं. पण चार दिवस आणायचे कुठून? उद्या गणपती, पाठोपाठ गौर, गौर जेवली की धाऊ दोरी घेऊन दारात. वाटेनं येताना तो विचार करत होता, की उंदरांचा आधीपासून विश्वास असलेलं काही खाणं असेल काय? आणि घराजवळच्या ओहळात पाय टाकता टाकता त्याला सुचलं. होतं ना. पंचमीचं पान.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, घरची बाई परसाच्या कोपऱ्यात उंदराला पान वाढायची. केळीच्या पानावर तांदळाची भाकर, भाजी, वर एक मोदक. हात जोडून म्हणायचं, मामा, पोटभर जेवा, पण आमच्या वेलाला तोंड लावू नका. सकुबाईच्या सासूनं वाढलं, सासूच्या सासूनं वाढलं, तिच्याही सासूनं वाढलं, आणि दर साल सकाळी पान चाटूनपुसून साफ. ग्रामसेवकानं विश्वास बसायला चार दिवस सांगितले होते. इथं चार पिढ्या झाल्या होत्या.

अडचण एवढीच होती, की घरात गणपती बसलेला. बारकू पाटासमोर बसला आणि त्यानं देवाला नीट समजावून सांगितलं, की तुझा उंदीर वेगळा, माझे वेगळे. तुझा लाडू खातो, माझे काकड्या खातात. गणपतीचं काही म्हणणं दिसलं नाही. पण पायाशी बसलेला मातीचा उंदीर मात्र मणी लावलेल्या डोळ्यांनी एकटक बारकूकडं बघत होता. बारकू इकडं सरकला, तिकडं सरकला. उंदीर बघतच होता. शेवटी त्यानं एक मोठं जास्वंदीचं फूल उचलून उंदराच्या तोंडावर पालथं घातलं. मग त्याला बरं वाटलं.

पंचमीला तिन्हीसांजा सकुबाई पान वाढून, हात जोडून घरात आली. बारकूनं दोन्ही कुत्री बैलाच्या दाव्यानं गोठ्यात बांधली. हवालदार असा रडला, की गोजरकाकीनं कोण गेलं म्हणून विचारलं. बारकू परसात शिरला, काटकीनं पुडी भाजीत कालवली, राखेनं हात धुतले आणि पळत येऊन आरतीला उभा राहिला. टाळ्या सगळ्यांत मोठ्या त्याच्याच.

सकाळी उठल्या उठल्या तो परसात गेला. पान साफ होतं. कुत्री गोठ्यात बांधलेली, जिवंत, चिडलेली. बारकूनं मेलेले उंदीर शोधायला सुरुवात केली. मांडवाखाली बघितलं, गवतात बघितलं, कुंपण ढवळलं. एक शेपूट मिळेना. मग तो परत पानाजवळ आला आणि खाली वाकला.

पान दुमडलेलं होतं. जेवण झाल्यावर माणूस आपल्या पुढचं पान दुमडतो ना, तसं मधोमध, व्यवस्थित.

उंदीर पान दुमडत नाही. पावडर माणसानं खाल्ली होती.

आता विचारायचं कसं? उंदराच्या वाट्याचं तू चोरून खाल्लंस काय, असं विचारलं तर मारामारी, आणि त्यात इख होतं असं सांगितलं तर फाशी. म्हणून बारकू घरोघर गेला आणि त्यानं नुसतं पोट विचारलं.

"पोट कसं हाय काकी?" त्यानं गोजरकाकीला विचारलं.

गोजरकाकीचं पोट लग्न झाल्यापासून दुखत होतं आणि आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं त्याला बसवून घेतलं आणि पहिल्यापासून सांगितलं. तिथून सुटून तो पुढच्या घरी, चंदरकडं गेला, तर चंदर ओटीवर पोट धरून कण्हत बसलेला. बारकूनं घरातून मिठाचं पाणी आणवलं, तांब्या चंदरच्या तोंडाला लावला आणि संपेस्तोवर काढला नाही. चंदरनं रस्त्यात उभं राहून सणाचे सगळे मोदक एकामागून एक परत केले. त्याला मोदकच बाधले होते. हे त्यानं नंतर बारकूला सांगितलं, आणि ज्या शब्दांत सांगितलं ते सणाच्या दिवसांत बोलायचे नव्हते.

दुपारपर्यंत गावात पटकी आली अशी आवई उठली. कुणी म्हणे, बारकूला सरकारनं पोटं मोजायला नेमलाय. निम्मं गाव पोट धरून बसलं. सगळी जिवंत होती, हीच बारकूला मोठी भीती. म्हणजे मरणारा अजून मरायचा होता.

तो घरी आला, गोठ्यात दोन कुत्र्यांच्या मधोमध बसला आणि सकुबाई शेण काढायला आली तसं सगळं सांगून मोकळा झाला. सकुबाईचा हात शेणात थांबलासुद्धा नाही.

"काल आरतीच्या टायमाला बघितलं, तर देवाच्या उंदराचं तोंड फुलाखाली. घरात कुणी पाप केल्याबिगर उंदराचे डोळे कोण झाकंल? परसात जाऊन बघते तर पानाला लसणाचा वास. पंचमीच्या भाजीत मी लसूण घालते व्हय?" ते पान तिनं लांब खोल खड्डा करून पुरलं होतं, वर धोंडा ठेवला होता आणि मामांना नवीन पान वाढलं होतं. "जेवाय बोलवायचं नि इख घालायचं? पावणे हायत का कोन?"

"मग दुमडलं कुणी पान?"

"मी. सकाळी उचलाय गेले. जेवण झालं का पान दुमडायचं, हाताला सवयच हाय. तेवढ्यात तुमी उठलात, मी चुलीकडं पळाले, ऱ्हायलं तिथंच."

"नि मला का नाय सांगितलंस?"

"तुमी विचारलं कुठं? तुमी गावाची पोटं विचारत हिंडत व्हता."

मग ती पाटी खाली ठेवून दाव्याला बांधलेल्या कुत्र्यांकडं बघत राहिली. पहाटे तिनं दाराआडून उंदीर जेवताना बघितले होते, लेकरंबाळं घेऊन आलेले. असं तिनं आजवर कधी बघितलं नव्हतं, आणि का नव्हतं तेही तिला आता कळलं होतं. एवढी वर्षं पान वाढलं तिनं आणि जेवली ही दोघं. मामा दर साल उपाशी. मग ते वेल खातील नाहीतर काय करतील?

बारकूनं हवालदाराच्या गळ्यात हात टाकला. संपलं, त्याला वाटलं.

पण सकुबाई गौरीपर्यंत रोज तिन्हीसांजा पान वाढत राहिली, कुत्री बांधलेली राहिली आणि परसात एक नवा खड्डा पडला नाही. उंदीर जेवून गप घरी जात. गौर जेवली आणि धाऊ मुकादम दोरी घेऊन आला. सकुबाईनं त्याला पोटभर वाढलं आणि मग सांगितलं, की उंदरांचं नि तिचं मिटलंय, कुत्री मिळणार नाहीत. कुत्र्यांचं आता घरात काम आहे.

"कसलं काम?" धाऊनं विचारलं.

"गोजरच्या मांजरीनं वाट बघून ठेवलीय ना परसाची. मामांना राखाय कोण?"

दिवाळी झाली. तोवर आधी कुत्र्यांना भाकर, मग मामांना पान, हा सकुबाईचा रिवाज दोन्ही कुत्र्यांच्या अंगवळणी पडला होता. भातं कापून झाली. लखमा बायकोला आणि कुदळीला घेऊन बारकूच्या परसात हजर झाला. पहिल्याच बिळातून एक उंदीर बाहेर आला, बसला आणि त्यानं मिशी पुसली. असा उंदीर लखमानं जन्मात बघितला नव्हता. त्याला चालायला जड जात होतं. लखमानं डोळे पुसले आणि कुदळ उचलली.

कुदळ खाली आलीच नाही. हवालदारानं दांडा दातात धरला होता आणि तो सोडत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाला तरी पकडलं होतं. राणी बाजूला बसून बघत होती, आणि दारात सकुबाई कमरेवर हात ठेवून उभी.

लखमा बारकूकडं वळला.

"दादा, तुमी खात नाय, मला देत नाय. मंग पोसता कशाला?"

बारकूनं एकदा दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "बायकोकडले पावणे हायत."